सातवी मात्रा

मास्तर, तुझ्या अकरा चालींमधून मी एकेक मात्रा काढून टाकली, आणि वर पेढे घेऊन तुला दाखवायला आले. चोर निदान पेढे तरी आणत नाही.

परवा तुझं बारावं झालं. मांडवात लोक एकमेकांना सांगत होते, हरेश्वर गिटार कसा वाजवायचा, बेंजो पार्टीच्या गाडीवर कसा उभा राहायचा, मालाडच्या कोळीवाड्यात त्याच्याशिवाय हळद कशी लागायची नाही. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. शेजारच्या माणसाने विचारलं, "तुम्ही कोण त्याच्या?" मी म्हटलं, "विद्यार्थिनी." त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि चहा पुढे केला. खरं उत्तर मी गिळलं. खरं उत्तर असं, की तुझ्या चाली जगात एकाच ठिकाणी लिहिलेल्या आहेत, तिथे त्या चुकीच्या आहेत, आणि लिहिणारी मी.

सत्तरी उलटली होती माझी, त्यामुळे पोरवयाची सबब नाही. तरी खरा दोष एकेकाळी मी होते त्या चोवीस वर्षांच्या पोरीचा. तिला तू पाहिलं नाहीस हे बरं झालं. अंधेरीच्या एका कंपनीत टायपिस्ट होती ती. बाप कोकणातून येऊन गिरणीत राबला, आणि लेक पंख्याखाली खुर्चीवर बसते, म्हणून बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. कागदावर एक खाडाखोड दिसली की तिला ताप यायचा. एकदा ऑफिसातला एक कारकून वारला. साहेबांनी त्याच्या बायकोला लिहायचं पत्र हिला सांगितलं, आणि त्यात "आम्हाला फार वाईट वाटलं" हे वाक्य दोनदा आलं. हिने एक गाळलं. साहेब पत्र वाचून म्हणाले, "बाई, ते मी दोनदा म्हणालो होतो." ही म्हणते, "सर, रिपीट होत होतं." साहेबांनी खाली पेनाने ते वाक्य पुन्हा लिहिलं. आणि ही सटवी घरी येऊन आईला सांगते, आमच्या साहेबाला पत्र सांगायची अक्कल नाही.

ती पोर अजून माझ्यात जिवंत आहे. तुला भेटली ती तीच.

तू आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत आलास तो नातीला शिकवायला. खालच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी तुझा क्लास. नातीने पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून तुझ्यासमोर ठेवला.

"हे काय हाय?"

"टॅब, सर. या सहा रेघा म्हणजे सहा तारा. आकडा म्हणजे कितव्या पट्टीवर बोट ठेवायचं. ही उभी रेघ सरकत जाते, तसतसं वाजवायचं. आवाजपण येतो."

"रेघ पुढे गेली आनि मी मागे राहिलो तर?"

"मग स्पीड अर्धा करायचा. नाहीतर तेवढाच तुकडा परत परत फिरवायचा."

तिने फिरवून दाखवला. तू मान वाकडी करून तोच तुकडा सात-आठ वेळा ऐकलास. मग कोपऱ्यात स्वेटर विणायचं नाटक करत बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणालास, "बघा बाय, ह्या मास्तराला कंटाला येत नाय. माजा बाप तिसऱ्यांदा विचारलं की कानफटात द्यायचा."

मला वाटलं होतं, हा जुना माणूस, नाक मुरडेल. तू तर महिन्याभरात त्यावरच शिकवायला लागलास. हा तुकडा, अर्धा स्पीड, वीस वेळा, मग माझ्यासमोर ये. पोरगं तयार झालं की टॅबमधल्या गिटारचा आवाज बंद करायचास, बाकीची वाद्यं चालू ठेवायचास आणि म्हणायचास, "आता ह्याचं तोंड बांधलंय. तू बोल." पोरं घाबरत घाबरत त्या मोकळ्या जागेत वाजवायची. तुला एक ओळ वाचता येत नव्हती त्या इंग्रजी खुणांची, पण रेघ सरकताना पोराचं बोट कुठे कचरतंय ते तू डोळे मिटून सांगायचास.

नात पुण्याला शिकायला गेली. गिटार राहिला, शनिवार राहिला, मी बसले. पहिल्या दिवशी तू म्हणालास, "बाय, तार दाबायची हाय. भाकरी नाय थापायची."

"भाकरी जमत असती तर इथे कशाला आले असते, मास्तर?"

तेव्हापासून तू मला 'तू' म्हणायला लागलास. माझ्यासाठी तू सोप्या धड्यांच्या टॅबवर, त्या त्या आकड्याखाली, एका बोटाने टाइप करून शेरे लिहायचास. 'करंगली.' 'घाई कुनाची हाय.' 'इथं रडू नको.' एका ठिकाणी नुसतंच 'अरे देवा.' हे शेरे अजून तिथे आहेत. रेघ सरकत त्यांच्यावरून जाते. तू गेल्यावर पहिले दहा दिवस मी तो धडा उघडला नाही. मग उघडला. 'घाई कुनाची हाय' वाचून मी लॅपटॉप मिटला आणि कुकर लावला.

तुझा डावा हात कधी बिघडला ते मला नक्की सांगता येणार नाही. तू कळू दिलं नाहीस. एका शनिवारी सगळ्या तारांवर एक बोट आडवं दाबायचं होतं, ते दाबलं गेलं नाही, तार भणभणली. तू म्हणालास, तार खराब हाय. पुढच्या शनिवारी नवी तार घालून आलास, तीही भणभणली. त्याच्या पुढच्या शनिवारी तू गिटार हातात घेतलाच नाहीस. सगळी पोरं गेल्यावर खुर्च्या एकावर एक रचत विचारलंस, "टायपिंग येतं ना तुला अजून?"

"मेल्यावरसुद्धा येईल."

"डॉक्टर कंपवात बोलतो. माज्या अकरा चाली हायत. हलदीच्या, वरातीच्या. काही बापाच्या, काही माज्या. कुटंच लिहिलेल्या नाय. बेंजोच्या आवाजात गिटार कोन ऐकतो. तू आकडे टाक, मी वाजवतो. हात हाय तोवर."

मी म्हटलं, मोबाईलवर रेकॉर्ड करू की. तू असं पाहिलंस माझ्याकडे, की मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. "ह्या हाताचा आवाज कुनाला ऐकवायचा नाय." म्हणून आज तुझं रेकॉर्डिंग नाही. एकदा चोरून केलं होतं मी. तुला कळलं, तू समोर बसून पुसायला लावलंस. मी पुसलं. तेवढं एकदाच मी तुझं नीट ऐकलं, आणि तेच ऐकायला नको होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी मालाडला यायचे. नातीचा जुना लॅपटॉप तुझ्याचकडे ठेवला होता; लिहिलेलं मी पेन ड्राइव्हवर घरच्या लॅपटॉपवर न्यायचे-आणायचे. तू पलंगावर, मी खाली पाटावर, लॅपटॉप स्टुलावर. तुझी बायको हिरा मासळी विकून बाजारातून यायची, टोपली धुवायची आणि म्हणायची, "झाली का तुमची बँक? आकडे, आकडे, आकडे." तू म्हणायचास, तिसरी तार, पाचवी पट्टी, आणि मी टाकायचे. तुझा हात कुठेही अडायचा. मग तू शिवी द्यायचास आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा वेळा वाजवून झालं की त्यातलं सगळ्यात साफ मी धरायचे. हात दर आठवड्याला थोडा कमी होत होता, आणि चाली अजून उरल्या होत्या. आपण दोघंही ते मोजत होतो, बोलत नव्हतो.

त्या टॅबमध्ये चाल सारख्या घरांत वाटलेली असते, आणि सुरुवातीलाच सांगावं लागतं, एका घरात किती मात्रा. तुझ्या चाली सहाच्या. मी सहा सांगितल्या. पहिल्या चालीत मध्यावर एक घर लाल झालं. सहाच्या जागी सात. तू त्या ठिकाणी जरा थांबायचास, मग पुढे जायचास.

आता ऐक, मी काय विचार केला. मी विचार केला, हा हात अडतोय. हा आजार आहे. आणि हे तुला विचारायचं म्हणजे तुझ्या तोंडावर तुझ्या हाताचा विषय काढायचा. मी फार सुसंस्कृत बाई. मी काही बोलले नाही. घरी आले, मात्रा काढली, घर पांढरं झालं, बरं वाटलं. दुसऱ्या चालीत तेच. तिसऱ्यात तेच. अकराही चालींत एक घर लाल व्हायचं, आणि मी ते घरी येऊन साफ करायचे. कच्ची प्रत दोन्हीकडून पुसून टाकायचे. ऑफिसात कच्चा कागद फाडायची सवय. पाच वेळा वाजवलंस तर पाचही वेळा तू त्याच जागी, तेवढाच थांबायचास. आजार इतका वक्तशीर नसतो, हे टोपली धुणाऱ्या हिराच्यासुद्धा ध्यानात आलं असतं. आलं नाही ते साठ वर्षं चष्मा लावणाऱ्या टायपिस्टच्या.

अकरावी चाल झाली तेव्हा तुझ्याकडून तार दाबली जात नव्हती. ती शेवटची तू तोंडाने गुणगुणत सांगितलीस; त्यातही थांबलास, तर मी म्हटलं, दम लागला. मी पुढच्या शुक्रवारी पेढे घेऊन आले, लॅपटॉप तुझ्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "ऐक, मास्तर. सगळं फेअर केलंय."

पहिली चाल वाजली. दुसरी वाजली.

"जागा कुटं हाय?"

"कसली जागा?"

"थांबायची. बाया वलतात तिथली."

मला कळेना. तू सांगितलंस, हळदीला बाया गोल नाचतात, एका जागी सगळ्या एकदम वळतात, वळल्यावर पाय टेकायला एक मात्रा लागते. ती दिली नाही तर पाठीमागची पुढचीवर आदळते. प्रत्येक चालीत ती जागा वेगळी, कारण प्रत्येक चालीचं वळण वेगळं. तुझा बाप ती जागा द्यायचा, तू द्यायचास. आता हळदीला डीजे असतो, बाया जागच्या जागी उड्या मारतात, वळत कुणी नाही. राहिली होती ती तुझ्या चालींत.

मी म्हटलं, "मला वाटलं, हात..."

आणि थांबले. मास्तर, ती एकच मात्रा मी आयुष्यात बरोबर जागी थांबले असेन, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

"बोल ना. हात अडतोय असं वाटलं."

तू गिटार मागितलास. हिराने आणून दिला. डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवलीस, ती नुसती थडथडत राहिली. मग टाळी वाजवून जागा दाखवायला गेलास. टाळीच एका ठेक्यात पडेना. दोन्ही हात एकमेकांना चुकत होते. ते पाहून मी जगातलं सगळ्यात मूर्ख वाक्य बोलले. मी म्हटलं, "पण आता ऐकायला कसं सरळ वाटतं, नाही?"

"जा, बाय."

पेढे तिथेच राहिले. मी गेले.

नंतर नातीने फोनवर सांगितलं ते ऐक. त्या एका घरावर क्लिक करून सहाच्या जागी सात सांगता येतात. तेवढंच घर सातचं, बाकी सगळी सहाची. मग लाल जातं. "आज्जी, ते चूक नव्हतं दाखवत. ते विचारत होतं, इथे किती?" ती म्हणाली. मी विचारलं, जुनं परत आणता येतं का. तिने तासभर शोधलं. "तू पुसलंयस, आज्जी. काही राहिलं नाही."

मग मी एकटीच बसले, अकरा चाली घेऊन. कुठे होती लाल घरं? मध्यावर, एवढंच आठवत होतं. मध्य म्हणजे कुठला? एकेक घर सातचं करून ऐकायचे. कुठेही घाला, चाल पंगू व्हायची. एका चालीत जागा सापडली असं वाटलं म्हणून घरात उठून, दिवाणखान्यात, गुडघ्याला पट्टा बांधून मी वळून पाहिलं. मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, डॉक्टरकडे जायचं का?" सांगते अशासाठी, की तुला हसू येईल. येत असेल तर.

तुला फोन केला की हिरा घ्यायची. "झोपलाय." दुपारी बारा वाजता झोपलाय, संध्याकाळी सहाला झोपलाय. मी मालाडला आले नाही. येऊन काय सांगणार होते? माफ कर हे शब्द मी मोबाईलवर टाइप करायचे आणि खोडायचे, कारण मला ते फार पुस्तकी वाटायचे. बघ, तिथेसुद्धा खाडाखोडच. आठ महिने गेले. कोळीवाड्यात जाणारी रिक्षा दिसली की मी दुसरीकडे बघायचे.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. तू म्हणायचास, "आकड्यात चाल मावत नाय. आकडा म्हणजे मासलीचा काटा. मासली वेगली." मी म्हणायचे, काट्यावरून मासा ओळखता येतो, ओळखणारा शहाणा हवा. तू हसायचास, म्हणायचास, "मग तू खा काटा." आता मला वाटतं, आपण दोघंही चुकलो. आकड्यांत ती जागा मावली असती, मास्तर. सातचा एक आकडा होता फक्त. यंत्राने माझ्यासमोर दिवा धरला होता. तुला विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि त्याला मी तुझ्यावरची दया म्हटलं.

हिराने तू हॉस्पिटलमध्ये असल्याचं कळवलं. घास गिळताना श्वासनळीत जातोय, छातीत पाणी झालंय, असं काहीतरी. मी आले होते. तुला माहीत नाही. दुपारची भेटीची वेळ होती, हिरा औषधं आणायला गेली होती. तू झोपला होतास. डावा हात चादरीवर होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले. तो हलत नव्हता. झोपेत हा कंप थांबतो, असं नर्स म्हणाली. इतका स्वस्थ हात, बोटं जरा वाकलेली, जणू तार दाबायला निघालीत. तुला उठवलं असतं तर तो पुन्हा थडथडला असता. मी उठवलं नाही. पुन्हा तेच केलं बघ मी, न विचारता, तुझ्या भल्यासाठी. चार दिवसांनी तू गेलास.

तुझ्याकडून मी काय शिकले म्हणावं तर साडेतीन धडे. चौथ्यात करंगळी अजून पोचत नाही. पण सत्तरीत कुणी मला चूक केल्यावर 'अरे देवा' लिहिलं, 'फारच छान, आजी' लिहिलं नाही, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. आमच्या सोसायटीत माझ्या प्रत्येक गोष्टीला टाळ्या पडतात. मी जिना चढले तरी पडतात. एकटा तू मला चुकू द्यायचास, आणि चुकले की सांगायचास. मी तुला तेवढंही दिलं नाही.

काल हिराने बोलावलं. लॅपटॉप घेऊन जा म्हणाली. मला वाटलं, घरातून माझी शेवटची वस्तू बाहेर काढतेय. ती उंबऱ्यात बसली होती, मी समोर उभी. मी म्हटलं, "हिरा, तो माझ्याबद्दल काही बोलला का गं?" तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, पदराने पुसला, आणि जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, एक अक्षर इकडेतिकडे करत नाही:

"राग गेला नव्हता त्याचा, खोटं कशाला बोलू. तुजं नाव काढलं की तोंड फिरवायचा. पन रोज लावायचा ते. एक दिवस एक चाल, दुसऱ्या दिवशी दुसरी. जागा आली की बटनांच्या खालची ही लांब पट्टी हाय ना, ती मुठीनं दाबून वाजनं थांबवायचा, एक मोजायचा, परत दाबून चालू करायचा. मूठ चुकली की पयल्यापासून. मी बोलली, नीट वाजतंय तर वाजू दे ना. बोलला, बाया पडतील. चार चालींच्या जागा बघून बघून मला पाठ झाल्यात. बस, दाखवते. बाकीच्या सातांचं मला विचारू नको. तेव्हा मी बाजारात बसलेली असायची."